चंद्रात दिसलेला सुलतान

फेसच्या जुन्या शहरात आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या आजीबाई आपलं वय आकड्यात सांगत नाहीत. "सुलतान चंद्रात दिसला तेव्हा मी दहा वर्षांची होते," असं म्हणतात आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढतात. बाकीचा हिशोब ऐकणाऱ्याने करायचा.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे सोबती. एक मैत्रीण लग्नानंतर फ्रान्सला गेली ती ल्योंलाच राहिली. मित्र धुळ्याचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. त्याची बायको चित्रं काढते. आणि मी. आजीबाई अरबीत बोलायच्या, त्यांची नातसून ते फ्रेंचमध्ये सांगायची आणि ल्योंची मैत्रीण आम्हाला मराठीत. एवढ्या हातांतून येताना काही सांडलंही असेल. पण आजीबाई हातवारे करून जे सांगत ते थेट पोचत होतं. चंद्र दाखवताना त्यांनी चौकावरच्या उघड्या आभाळाकडे बोट केलं तेव्हा आम्ही चौघांनीही, भर दुपारी, वर पाहिलं.

फेसमधल्या गच्च्या बायकांच्या. पुरुषांची बैठक खाली गल्लीत, बायकांची वर. त्या रात्री आईने झोपेतून उठवून त्यांना वर नेलं. शेजारच्या, पलीकडच्या, पार टेकडीपर्यंतच्या गच्च्यांवर बायका उभ्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी लग्नात काढतात तसा जिभेचा उंच स्वर काढत होतं. आई म्हणाली, बघ, ते बघ त्यांचं कपाळ, ती टोपी. "तुम्हाला दिसले?" असं आमच्या चित्रकार मैत्रिणीने विचारलं. आजीबाई म्हणाल्या, "आधी नाही दिसले. मग आईचे डोळे बघितले आणि परत वर बघितलं. तेव्हा दिसले."

पुस्तकातली हकिगत अशी आहे. ३० मार्च १९१२ रोजी याच फेस शहरात सुलतानाने फ्रेंचांशी तह केला आणि मोरोक्को फ्रेंचांच्या ताब्यातलं संरक्षित राज्य झालं. उत्तरेचा पट्टा स्पेनकडे गेला. पुढे सुलतान पाचवे मोहम्मद उघडपणे स्वातंत्र्याची भाषा बोलू लागले, तेव्हा २० ऑगस्ट १९५३ ला, ऐन बकरी ईदच्या तोंडावर, फ्रेंचांनी त्यांना कुटुंबासकट विमानात बसवून आधी कोर्सिकाला आणि नंतर मादागास्करला नेऊन ठेवलं. गादीवर घराण्यातलाच एक वयस्कर नातलग बसवला. त्यानंतर देशभर लोकांना चंद्रात हद्दपार सुलतानाचा चेहरा दिसू लागला. त्या काळावर लिहिणाऱ्यांनीही हे नोंदवून ठेवलं आहे. १६ नोव्हेंबर १९५५ ला सुलतान परत आले आणि पुढच्या मार्चमध्ये देश स्वतंत्र झाला. वर्तमानपत्रं बंद करता येतात, सभांवर बंदी घालता येते, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकता येतं. गच्चीवर उभ्या राहून आभाळाकडे बघणाऱ्या बायकांचं काय करायचं, हे मात्र तिथला कारभार बघणाऱ्या कुठल्याच फ्रेंच रेसिडेंट जनरलला उमगलं नसणार. मला ती रात्र स्वातंत्र्यलढ्यातलीच एक घटना वाटते आणि ती जिच्याकडून ऐकायची तिच्याकडूनच मी ऐकली, याचा आनंद वाटतो.

वर्षं आकड्यांत न सांगण्याचं आमच्या आजीचंही असंच होतं. जालन्याजवळच्या खेड्यात जन्म गेला तिचा. तिच्या बोलण्यात इसवी सन कधी आला नाही. थोरल्या काकांचा जन्म 'रझाकारीत', म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात येण्याआधीच्या त्या धामधुमीच्या दिवसांत. गावची विहीर खोल केली ती 'बहात्तरच्या दुष्काळात', आणि हा एकच आकडा तिच्या तोंडी असे. माझ्या आईवडिलांचं लग्न 'मिलोवर' लागलं, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी तांबड्या ज्वारीवर. त्या भाकरीची चव तिने इतक्या वेळा वर्णन करून सांगितली आहे, की मी न खाताही ती मला माहीत आहे.

म्हणून फेसच्या आजीबाईंनी जेव्हा 'चिठ्ठीच्या वर्षा'चं नाव काढलं, तेव्हा मी पुढे सरकून बसले. १९४५ च्या सुमारास मोरोक्कोत पाऊस नव्हता, महायुद्धाने धान्य ओढून नेलं होतं, आणि धान्य, तेल, साखर, कापड सगळं सरकारी चिठ्ठीवर मिळायचं. चिठ्ठीही सगळ्यांना पुरत नसे. आजीबाई तेव्हा जेमतेम दोन वर्षांच्या. त्यांना स्वतःला काहीच आठवत नाही. त्यांच्या आईने सांगितलेलं त्या सांगतात. डोंगरातून माणसं चालत शहराच्या वेशीपर्यंत यायची आणि वेशीपाशीच पडायची. आईने पायातले चांदीचे वाळे जवाच्या एका पोत्यासाठी दिले. "पोतं भरलेलंही नव्हतं," एवढं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं, पोतं कुठपर्यंत भरलं होतं ते. ऐंशी वर्षांपूर्वीच्या धान्याची ती पातळी, एका बाईने दुसरीला आणि दुसरीने आम्हाला दाखवलेली. या सगळ्या प्रवासात मी तेच शोधत राहिले: लोकांनी स्वतःच्या घरात ठेवलेलं कॅलेंडर. तह कधी झाला, गादीवर कोण आलं, यापेक्षा पाणी कधी आलं, धान्य कधी गेलं, शेजार कधी उठला, यांवर आखलेलं.

दुसऱ्या दिवशी 'बालाक, बालाक' असं ओरडत अंगावर येणाऱ्या गाढवांना वाट देत आम्ही बू इनानिया मदरशात गेलो. अंगण संगमरवरी, भिंतींवर खाली रंगीत फरशा, त्यांच्यावर चुन्यातलं कोरीव काम आणि सगळ्यांत वर देवदाराचं लाकूड, काळं पडलेलं. सुलतान अबू इनानने १३५० च्या आसपास तो बांधायला घेतला. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या रखवालदाराने पहिली गोष्ट सांगितली ती खर्चाची. काम पुरं झाल्यावर कारभाऱ्याने हिशोबाची वही पुढे केली, सुलतानाने ती न उघडताच नदीत भिरकावली आणि म्हणाला, सुंदर वस्तूला किंमत नसते. ही गोष्ट फेसमध्ये ज्याला त्याला ठाऊक आहे. मला तिथे आठवण झाली ती दुसऱ्याच एका माणसाची, कारण याच अबू इनानच्या हुकमावरून फेसमध्ये एक पुस्तक सांगून लिहवून घेतलं गेलं.

इब्न बतूता. १३०४ साली तांजियरला जन्म. १३२५ च्या जूनमध्ये हजला म्हणून घरातून निघाला आणि चोवीस वर्षांनी परतला. आईबाप दोघंही गेलेले. आई तर काही महिने आधीच, प्लेगात. त्याने सांगायचं आणि ग्रानाडाहून आलेल्या इब्न जुझय्य नावाच्या तरुण पंडिताने उतरून घ्यायचं, असं करत १३५५ च्या डिसेंबरात ते सांगणं संपलं. सांगणारा पन्नाशीतला, लिहिणारा तिशीतला. ज्याला आपण इतिहासाचं साधन म्हणतो ते मुळात एका वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेल्या गोष्टी आहेत, हे त्या अंगणात मला फार जवळून जाणवलं.

माझे आजोबा औरंगाबादला शाळेत इतिहास शिकवायचे. दर हिवाळ्यात नातवंडांना दौलताबादला घेऊन जात आणि तिथल्या किल्ल्याच्या अंधारीच्या, म्हणजे काळोख्या भुयाराच्या, तोंडाशी उभं राहून ठरलेली गोष्ट सांगत. या किल्ल्यातल्या तळघरात कैदी ठेवत आणि तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे होते. एका सरदाराला तिथे कोंडलं, रात्री ते उंदीर अंगावर यायचे, आणि सुटल्यावर त्याने ही हकिगत मोरोक्कोहून आलेल्या एका प्रवाशाला सांगितली. आम्ही पोरं किंचाळायचो. पुढे पुस्तक वाचलं तेव्हा कळलं, आजोबांनी पदरचं काही घातलं नव्हतं. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी असलेला इब्न बतूता १३४० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनला वकील म्हणून जायला निघाला आणि वाटेत दौलताबादला आला. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने सांगितलं आहे. नंदुरबारला त्याला मराठे भेटले. कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार, तांदूळ, भाज्या आणि तिळाचं तेल खाणारे, जेवणाआधी कसोशीने आंघोळ करणारे. पुढे गोव्यावरच्या एका स्वारीतही तो सामील झाला. नंदुरबारच्या पंगतीचं वर्णन फेसच्या नदीकाठी कागदावर उतरलं आणि तिथून सहाशे वर्षांनी औरंगाबादच्या एका शाळामास्तरापर्यंत आलं. मी रखवालदारबाबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उंदीर अजून आहेत का?"

फेस सोडून दक्षिणेला निघालं की मध्य अॅटलास लागतो. इफ्रानला उतरत्या छपरांची फ्रेंच धाटणीची घरं, अझ्रूच्या पुढे देवदारांचं रान, रस्त्याच्या कडेला शेपूट नसलेली माकडं. फेब्रुवारी संपत आला होता तरी देवदारांच्या सावलीत बर्फ होतं. आमचा गाडीवान त्याच डोंगरातला, अमाझिघ, म्हणजे बर्बर. त्याची आई म्हणे त्याच्या जन्माची खूण 'मेंढरं बर्फात गेली त्या हिवाळ्याची' सांगते. इब्न बतूता याच डोंगरांतून उलट दिशेने, सिजिलमासाहून फेसला आला होता, १३५३ च्या डिसेंबरअखेर निघून. त्याने बुखारा, समरकंद, खुरासानचं बर्फ पाहिलेलं. तरी या वाटेवरच्या बर्फाइतकं कठीण दुसरं पाहिलं नाही, असं तो म्हणतो. मिडेल्टच्या पुढे झाडं संपतात, डोंगर तांबडे होत जातात आणि एका वळणावर खाली झीज नदीचं खोरं दिसतं. दोन्हीकडे उघडे कडे आणि मधून वाहत गेल्यासारखी खजुरांची हिरवी पट्टी.

खोऱ्याच्या शेवटी रिसानी. आठवडी बाजार इथे रविवार, मंगळवार, गुरुवार असा तीनदा भरतो आणि बाजाराबाहेर गाढवं बांधायला वेगळं आवार आहे. मांस-कांद्याचं सारण भरलेली मोठी भाजलेली पोळी इथली प्रसिद्ध. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींसाठी भटारखान्यातल्या मुलाने बदाम आणि भाज्या घालून करून दिली. गावाबाहेर मातीच्या मोडक्या भिंती दिसतात. ते सिजिलमासा. आठव्या शतकात वसलेलं, वाळवंटापलीकडच्या सोन्यावर पोसलेलं शहर. इब्न बतूताने इथेच उंट घेऊन त्यांना चार महिने चारलं आणि १३५२ च्या फेब्रुवारीत माली देशाकडे कूच केलं. ज्याच्या घरी तो उतरला होता, त्या गृहस्थाच्या भावाला तो त्याआधी चीनमध्ये भेटला होता. पुढे तगाझाला त्याने मिठाच्या ठोकळ्यांची घरं आणि मिठाचीच मशीद पाहिली, छपरं उंटाच्या कातड्यांची. सोनं तिकडून यायचं, मीठ इकडून जायचं. आता सिजिलमासाच्या त्या भिंतींमधून शेळ्या चरतात.

आमच्या धुळेकर मित्राला मात्र पडक्या शहरात रस नव्हता. त्याला पाणी बघायचं होतं. एर्फूदहून पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मातीचे ढिगारे ओळीने दिसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर खड्डा. त्या खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याशी भूजल गाठायचं आणि तिथून किंचित उतार देत जमिनीखालून बोगदा खणत खजुरांच्या बागेपर्यंत आणायचा. खणायला, गाळ काढायला आणि हवा खेळायला ठरावीक अंतरावर वरून विहिरी. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येतं.

एका खेत्ताराची देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ आम्हाला खाली घेऊन गेले. हज करून आलेले, म्हणून सगळे त्यांना 'हाज्ज' म्हणत. पायऱ्या मातीच्या, मधे झिजून खोलगट झालेल्या. विहिरीच्या काठावर दोराने कापलेल्या खाचा होत्या, बोटभर खोल, आणि त्यांच्यावर खजुराच्या खोडाचं रहाटाचं लाकूड. खाली उन्हाचा ताव थांबला. बोगद्याच्या भिंतीवर टिकावाचे घाव जसेच्या तसे होते, सगळे एकाच दिशेला तिरपे. खणणारा उजवा असणार. तळाशी पाण्याऐवजी ओलसर वाळू होती. हाज्जनी ती मुठीत घेऊन मित्राच्या हातावर ठेवली.

मित्राने विचारलं, पाण्याची वाटणी कशी होती? हाज्ज वाळूत काठीने रेघा ओढायला लागले. ज्याच्या पूर्वजाने जितके दिवस खणलं तितका त्याचा वाटा; वाटा वेळेवर मोजायचा; पाळी विकता येते, लेकीला देता येते, रात्रीची पाळी वेगळी. भांडण झालं तर निवाडा करणारा शेख वेगळा. आमचा मित्र एकदम उठून उभा राहिला. "अगं, हा पाटकरी आहे!" असं तो ल्योंच्या मैत्रिणीला म्हणाला. "यांना सांग, आमच्याकडे पांझरेवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. बंधारा, पाट, फड. पाणी देणारा पाटकरी. कुणी कधी पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सांग त्यांना." मैत्रीण सांगत गेली, गाडीवान अमाझिघमध्ये सांगत गेला. दोघं म्हातारे वाळूतल्या रेघांवर ओणवे झाले आणि मग भाषेची गरज जवळजवळ राहिलीच नाही. मला माझं गाव आठवत होतं. इथिओपियात जन्मून, गुलाम म्हणून विकला जात दख्खनला पोचलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालून पाणी आणलं. नहर-ए-अंबरीचे ते बंबे आम्ही शाळेत जातायेता बघायचो.

"हे कधी आटलं?" या प्रश्नावर हाज्जनी सांगितलेली तारीख होती: पासष्टच्या पुरानंतर. १९६५ च्या नोव्हेंबरात झीज नदीला असा पूर आला की या तफिलालत मुलखातली मातीची गावंच्या गावं विरघळली. हजारो माणसं उघड्यावर आली. तेव्हा हाज्ज पंधरा-सोळा वर्षांचे. घराचं छप्पर त्यांनी पाण्यावरून जाताना ओळखलं, कारण त्याच्या तुळईवर त्यांनीच नाव कोरलं होतं. त्या पुरानंतर राजा हसनने नदीवर धरण बांधायला घेतलं, १९७१ मध्ये ते पुरं झालं. पूर थांबले. पण पुराचं जे पाणी पसरून जमिनीत मुरायचं तेही थांबलं आणि मग प्रत्येकाने आपापल्या बागेत मोटरपंप बसवला. "खेत्तारा सगळ्यांची होती. पंप एकेकट्याचा आहे," असं हाज्ज म्हणाले. मित्राने आयुष्यभर धरणांवर काम केलेलं. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मीही त्याला काही विचारलं नाही.

मेर्झूगाच्या वाळूबद्दल लोक फार लिहितात. एर्ग शेबीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच, संध्याकाळी केशरी, पहाटे गुलाबी. फोटोत दिसतात तशाच. तिथल्या म्हाताऱ्यांच्या मते त्या शाप म्हणून आल्या. सणाच्या दिवशी एका श्रीमंत घराने दारात आलेल्या बाईला आणि तिच्या मुलाला हाकललं, तेव्हा वाळूचं वादळ उठलं आणि ते घर, तो सण सगळं खाली गाडलं गेलं. काळ्या तंबूत आम्हाला चहा देणाऱ्या आजोबांनी ही गोष्ट सांगितली आणि लगेच २००६ च्या मे महिन्यातल्या पुराची. वाळवंटात, वाळूच्या पायथ्याशी, पाण्याने घरं नेली. दोन्ही गोष्टी एकाच सुरात, जणू एकाच पिढीतल्या.

त्यांच्या हातातली किटली कोपराएवढी वर जायची आणि धार बरोबर छोट्या पेल्यात पडायची, फेस धरून. पेला भरला की ते परत किटलीत ओतायचे, पुन्हा भरायचे. असं करत करत ते सरहद्दीबद्दल बोलले. लहानपणी वडिलांबरोबर ते जनावरं घेऊन बेशारच्या बाजारात जायचे. बेशार अल्जीरियात आहे आणि १९९४ पासून ती जमिनीवरची सरहद्द बंद आहे. थोरली बहीण तिकडे दिलेली. ती वारल्याचं फोनवर कळलं. तिकडे जायचं तर कासाब्लांका गाठून तिसऱ्या देशातून विमानाने फिरून जावं लागतं. "पूर्वी उंटाने जायचो," एवढं म्हणून त्यांनी पेला माझ्या हातात दिला.

तिनघीरला, तोदघा नदीच्या काठच्या मातीच्या वस्तीत, पूर्वी ज्यू राहायचे. दागिने घडवणारे, कापड विकणारे, अमाझिघच बोलणारे. मोरोक्कोत साधारण अडीच लाख ज्यू होते; इस्राएलची स्थापना झाल्यावर आणि पुढे १९६० च्या दशकात बहुतेक सगळे निघून गेले. चहाच्या टपरीवरच्या एका काकांना आठवत होतं, की बस रात्री आली आणि सकाळी त्यांच्या वर्गातले तीन बाक रिकामे होते. अलिबाग-रेवदंड्याकडच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे तेली त्यांच्याही शेजारातून असेच उठून इस्राएलला गेले. काकांनी त्या मुलांची नावं घेतली, तिघांचीही, आणि त्यांतला कोण गणितात हुशार होता तेही सांगितलं.

मग साघ्रो. काळ्या-करड्या खडकाचा, एकही मऊ रेघ नसलेला डोंगर. १९३३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आइत अत्ता टोळीने बूगाफेरच्या कड्यावर फ्रेंचांना जवळजवळ दीड महिना रोखून धरलं. फ्रेंचांकडे विमानं, तोफा, यंत्रबंदुका आणि इतर टोळ्यांतून आणलेलं सैन्य. कड्यावर अस्सू उबास्लाम या नायकाची माणसं, त्यांच्या बायका, मुलं आणि शेळ्यामेंढ्या. कॅप्टन बूर्नाझेल हा फ्रेंचांचा नावाजलेला अधिकारी. त्याच्या लाल डगल्याला गोळी लागत नाही, अशी आख्यायिका दोन्ही बाजूंना होती. २८ फेब्रुवारीला तो तिथे पडला.

ज्या बाईंकडून आम्ही हे ऐकलं, त्यांची आई तेव्हा लहान मुलगी म्हणून कड्यावर होती. त्यांच्या सांगण्यात बूर्नाझेल आलाच नाही. त्यात पाणी होतं. झरा खाली, झऱ्यावर दिवसभर बंदुका रोखलेल्या. रात्री बायका कातडी पखाली घेऊन उतरायच्या. पखाल भरताना बुडबुड्यांचा आवाज होतो, म्हणून तोंड अर्धवट बुडवून हळूहळू भरायची. आईच्या मावशीला तिथेच गोळी लागली. मागची बाई तिच्या अंगाखालची पखाल ओढून घेऊन वर आली, कारण वर पोरं होती. बाई हे सांगत असताना भाकरी थापत होत्या, आणि भाकरीवरून त्यांनी हात काढला नाही.

अखेर मार्चमध्ये अस्सूने हत्यार खाली ठेवलं, पण अटी घालून. मराकेशचा पाशा ग्लावी, जो फ्रेंचांच्या बाजूने सगळा दक्षिण मुलूख गिळत चालला होता, त्याची सत्ता आइत अत्तांवर चालणार नाही. निवाडे आमच्या रिवाजाने होतील. आणि सरकारी समारंभांत आमच्या बायकांना नाचायला-गायला लावायचं नाही. हरलेल्या माणसांनी, तान्ही पोरं पुरून खाली उतरलेल्यांनी, ही तिसरी अट घातली आणि ती मान्य करून घेतली. मला या साऱ्या प्रवासात इतकं थोर दुसरं काही भेटलं नाही. अस्सू पुढे १९६० मध्ये वारला. ग्लावी १९५६ च्या जानेवारीत, ज्या सुलतानाला घालवायला त्याने हातभार लावला होता, त्याच्या पायाशी माफी मागून झाल्यावर. तेलुएतला ग्लावीचा वाडा आम्ही पाहिला. छतांवर सोनेरी-निळी नक्षी आहे आणि बाहेरच्या भिंती पावसात ढासळत चालल्या आहेत. तिथे गोष्ट सांगणारं कुणी बसलेलं नव्हतं.

मराकेशचं आधीच सांगून टाकते. जेमा अल-फना चौकात रिंगण करून गोष्ट सांगणाऱ्यांची शतकांची परंपरा. २००१ मध्ये युनेस्कोने या चौकाला मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून मान दिला. आम्ही गेलो त्या संध्याकाळी ढोलताशे होते, साप होते, संत्र्याचा रस होता. कथेकऱ्याचं रिंगण शोधूनही दिसलं नाही.

पण त्याआधी, २,२६० मीटरवरची तिश्काची खिंड उतरताना, आमच्या गाडीवानाने एका वस्तीवर गाडी थांबवली. त्याच्या बहिणीचं सासर. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री या अॅटलासमध्ये ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, २,९०० हून जास्त माणसं गेली, बाराव्या शतकातली तिन्मेलची मशीद बरीचशी कोसळली. वस्तीतली निम्मी घरं नव्याने उभी राहत होती, विटांची, आणि कडेला जुन्या घरांची माती तशीच पडलेली. बहिणीच्या मांडीवर दीडेक वर्षाचा मुलगा. याचा वाढदिवस कधी, असं चित्रकार मैत्रिणीने सहज विचारलं. बहीण बोलणार तेवढ्यात तिची सासू मधे पडली. हा तंबूतला आहे, ती म्हणाली. भूकंपाच्या वेळी हा पोटातही नव्हता. तंबूवर दुसऱ्यांदा बर्फ पडलं, तेव्हा झाला. "दुसऱ्यांदा नाही," बहीण म्हणाली, "बर्फ वितळल्यावर." ती आत जाऊन दवाखान्याचं कार्ड घेऊन आली, त्यावर तारीख होती, शिक्का होता. सासूने कार्डाकडे पाहिलं नाही. शेजारच्या भाकड गाईचं त्या आठवड्यात काय झालं, पाण्याचा टँकर किती दिवस वर आला नाही, आणि तो नेमका कोणत्या वारी आला, ते सगळं ती बोटांवर मोजायला लागली. गाडीवानही बहिणीच्या बाजूने त्यात पडला, शेजारीण आली, आणि मराकेशला उशीर होणार हे कळून आम्ही गाडीतून खाली उतरून बसलो.